लहान विमान उतरताना का मोडते? : वाचकांचे प्रश्न

हलक्या विमानांच्या उतरण्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे उत्तरात दोन ते चार आसनांचे, एका पिस्टन इंजिनाचे, तीन चाकांपैकी एक चाक नाकाखाली असलेले विमान धरले आहे. वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) आणि उंची फुटांत दिली आहे, कारण कॉकपिटमधली उपकरणेही तीच एकके दाखवतात. आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष उड्डाणात आपापल्या विमानाच्या पुस्तिकेतलेच वापरावेत.

प्रश्न : चार आसनी प्रशिक्षण विमान, स्वच्छ हवा, इंजिन ठणठणीत, वैमानिक परवानाधारक, धावपट्टी ८०० मीटर. वारा मागून, फक्त ५ नॉट. विमान बराच वेळ धावपट्टीवर तरंगले, टेकले, उसळले, पुन्हा आपटले आणि तिसऱ्या आपटीला नाकाचे चाक मोडून प्रोपेलर जमिनीला लागला. तपासणीत काहीही बिघाड निघाला नाही. मग अपघात झाला कशाने?

उत्तर : आधी वेगाचा हिशेब मांडू. सेसना १७२च्या तोडीच्या विमानाने पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली उतरणारे भाग) लावून शेवटच्या टप्प्यावर साधारण ६० नॉटने यावे अशी अपेक्षा असते. समजा वैमानिक ७० नॉटने आला. ‘थोडा वेग हाताशी असलेला बरा’ हा विचार फार जणांच्या मनात असतो. मागून ५ नॉट वारा, म्हणजे जमिनीच्या संदर्भात वेग ७५. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७५ भागिले ६० म्हणजे १.२५, त्याचा वर्ग १.५६. वारा नसताना योग्य वेगाने टेकणाऱ्या विमानापेक्षा इथे ५६ टक्के जास्त ऊर्जा जिरवायची आहे. तेच विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, वारा समोर घेऊन ६० नॉटने आले असते, तर जमिनीवरचा वेग ५५ राहिला असता. ७५ आणि ५५ यांची तुलना करा : ऊर्जा १.८६ पट. यात विमानाचा काही दोष नाही, हवामानाचाही नाही.

आता ही जादा ऊर्जा जाते कुठे? पंखांच्या लांबीएवढ्या उंचीखाली विमान आले की जमिनीच्या सान्निध्यामुळे लिफ्टपोटी (पंखांना मिळणाऱ्या उचलीपोटी) होणारा हवेचा अवरोध कमी होऊ लागतो. पंखांच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या उंचीवर तो जवळजवळ निम्मा होतो. सेसना १७२च्या पंखांचा पसारा ३६ फूट, म्हणजे पंख जमिनीपासून ३६ फुटांखाली आले की हा परिणाम सुरू होतो आणि खाली येताना वाढत जातो. तिथे विमान खाली बसायला राजी नसते. थ्रॉटल बंद असताना वेग सेकंदाला दोन-तीन नॉटने उतरतो असे धरले, तर जादा १० नॉट जिरायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दीडशे ते पावणेदोनशे मीटर धावपट्टी खालून निघून जाते. म्हणजे ८०० मीटरमधला पाचवा हिस्सा चाक टेकायच्या आधीच संपला.

इथपर्यंतही काही मोडलेले नाही. मोडते ते यानंतरच्या कृतीने. समोर धावपट्टीचे टोक जवळ येताना दिसते आणि वैमानिक विमानाला ‘खाली बसवण्यासाठी’ योक (हाताचे सुकाणू) पुढे ढकलतो. विमान अजून उडण्याच्या वेगात असते, त्यामुळे नाक खाली जाऊन नोजव्हील (नाकाचे चाक) आधी टेकते. गुरुत्वमध्य नोजव्हीलच्या मागे असल्याने त्या धक्क्याने नाक वर फेकले जाते. पंखांचा समोरच्या हवेशी असलेला कोन वाढतो, लिफ्ट वाढते आणि विमान पुन्हा हवेत जाते. वैमानिक घाबरून योक पुन्हा पुढे ढकलतो. पण हाताची हालचाल आणि विमानाचा प्रतिसाद यांत अंतर पडते, म्हणून नाक खाली जाते ते नेमके विमान आपणहून खाली येत असतानाच. दुसरी आपट पहिलीपेक्षा जोराची, तिसरी त्याहून जोराची. इंग्रजीत याला पोर्पॉइझिंग म्हणतात. नोजव्हील बहुधा तिसऱ्या आपटीच्या आसपास मोडते.

मुख्य चाके खाली येण्याचा भार सोसण्यासाठीच बांधलेली असतात. सेसना १७२मध्ये त्यांचे पाय म्हणजे पोलादी स्प्रिंगच असते. नाकाच्या चाकाचा स्ट्रट मात्र इंजिनमागच्या फायरवॉलला जोडलेला असतो. जमिनीवर नाक तोलून धरायचे आणि दिशा द्यायची, एवढेच त्याचे काम. संपूर्ण विमानाचा आदळता भार त्याच्यावर आला की आधी फायरवॉलचा पत्रा सुरकुततो, मग स्ट्रट मागे दुमडतो, मग प्रोपेलर. तेव्हा तपासणीत बिघाड निघाला नाही यात नवल नाही. अपघाताचे पहिले कारण शोधायचे तर तो ५ नॉटचा वारा मागे घेण्याचा निर्णय झाला त्या क्षणाकडे जावे लागेल. ‘फक्त’ ५ नॉट हा शब्द आम्हाला खटकला तो त्यासाठी. सेसनाच्या पुस्तिकांत मागच्या वाऱ्याच्या दर २ नॉटला उतरण्याचे अंतर १० टक्के वाढवायला सांगितले आहे. समोरच्या वाऱ्याच्या मात्र तब्बल ९ नॉटना १० टक्के वजा करता येतात. या दोन आकड्यांतली तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रश्न : विमान उसळल्यावर नेमके काय करायचे? आणि गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) करतानाच विमान पडल्याचेही ऐकतो. मग तो सुरक्षित कसा?

उत्तर : उसळी फूट-दोन फुटांची असेल तर नाक आहे त्याच स्थितीत धरा, थ्रॉटल किंचित पुढे करा आणि विमानाला पुन्हा मुख्य चाकांवर बसू द्या. योक पुढे ढकलायचा नाही, झटक्याने मागेही ओढायचा नाही. उसळी त्याहून मोठी असेल, नाक वर गेले असेल, विमान बाजूला सरकत असेल किंवा दुसरी उसळी आली असेल, तर विचार करत बसू नये. पूर्ण शक्ती द्यावी आणि वर जावे.

गो-अराउंडमधले अपघात होतात हे खरे, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. उतरताना विमान संथ वेगासाठी ट्रिम केलेले असते, म्हणजे योकवर जोर न देता नाक त्या वेगाला राहील असे लावलेले असते. पूर्ण थ्रॉटल दिला की प्रोपेलरची हवा फ्लॅपवर आणि शेपटीवर आदळते आणि नाक इतक्या जोराने वर उठते की ते दाबून धरायला दोन हात लागावेत. ते दाबले नाही तर काही सेकंदांत विमान स्टॉल होते (पंखांवरची लिफ्ट तुटते). त्याच वेळी नाक डावीकडे ओढले जाते (कॉकपिटमधून पाहता प्रोपेलर उजवीकडे फिरत असेल तर), म्हणून उजवा रडर (पायाने फिरवायचे शेपटीचे उभे सुकाणू) हवा आणि तोही बराच. बरेच जण इथे पाय विसरतात. विमान धावपट्टीच्या डावीकडे भरकटते, पंख कलतो, तो एलरॉनने (पंखाच्या टोकाजवळच्या हलत्या फळीने) सावरायला जावे तर स्टॉलच्या उंबरठ्यावर तोच पंख आणखी खाली जातो.

क्रम असा ठेवावा. पूर्ण थ्रॉटल, कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) बंद. नाक क्षितिजाच्या आसपास दाबून धरणे, सोबत उजवा रडर. फ्लॅप पूर्णावरून २० अंशांवर. मग वेग ५५-६०च्या पुढे गेला आणि उंची वाढते आहे याची खात्री झाली की १० अंश, नंतर शून्य. ट्रिम नंतर, हात मोकळा झाल्यावर. रेडिओवर बोलणे सगळ्यात शेवटी. फ्लॅप एकदम सगळे काढले तर लिफ्ट अचानक कमी होऊन विमान बसते, म्हणून टप्पे पाळायचे. कार्ब्युरेटर हीट चालू राहिली तर गरम, विरळ हवेमुळे शक्ती १० ते १५ टक्के कमी मिळते. उन्हाळ्यात चार माणसे बसलेली असताना तेवढ्यानेही वर जाणे मुश्किल होते.

निर्णय उशिरा घेतला की हे सगळे अवघड होते. म्हणून आधीच ठरवून ठेवावे : ३०० फुटांवर वेग अपेक्षित आकड्याच्या ५ नॉटच्या आत नसेल, विमान मध्यरेषेवर नसेल किंवा फ्लॅप लावायचे राहिले असतील, तर वर. धावपट्टीच्या पहिल्या तृतीयांशात चाके टेकली नाहीत, तरी वर.

प्रश्न : ‘कमाल आडवा वारा १५ नॉट’ असे पुस्तिकेत आहे. मग १२ नॉटच्या आडव्या वाऱ्यातही विमाने धावपट्टीबाहेर का जातात?

उत्तर : पहिली दुरुस्ती : पुस्तिकेतले शब्द नीट वाचा. बहुतेक लहान विमानांत तो आकडा ‘प्रत्यक्ष करून दाखवलेला’ आडवा वारा असतो. कायदेशीर कमाल मर्यादा असतेच असे नाही. अमेरिकी प्रमाणीकरणाच्या जुन्या नियमानुसार फ्लॅप पूर्ण असतानाच्या स्टॉल-वेगाच्या निदान २० टक्के एवढ्या आडव्या वाऱ्यात विमान सुरक्षित उतरवता येते हे दाखवावे लागे. चाचणीच्या दिवशी तरबेज वैमानिकाने जेवढे दाखवले तेवढा तो आकडा. शिकाऊ वैमानिकाची मर्यादा त्याहून बरीच खाली असू शकते.

दुसरे म्हणजे वारा कधी स्थिर नसतो. धावपट्टी ०९ (म्हणजे दिशा ९० अंश), वारा १३० अंशांवरून १८ नॉट, झोत २६ नॉटपर्यंत, असे समजा. कोन ४० अंश; साइन ०.६४. स्थिर वाऱ्याचा आडवा भाग साडेअकरा नॉट, झोताचा जवळपास १७. तुमचे ‘१२ नॉट’ बहुधा सरासरी वाऱ्याचे असतात आणि विमान बाहेर जाते ते झोतात. हिशेब तोंडी करायचा असेल तर ३० अंशांना निम्मा, ४५ला सात-दशांश, ६०च्या पुढे पूर्ण वारा आडवा धरावा. अशा दिवशी झोत आणि स्थिर वारा यांतल्या फरकाचा निम्मा, इथे ४ नॉट, शेवटच्या टप्प्यावरच्या वेगात मिळवतात. त्याहून जास्त नको. पहिल्या उत्तरातला वर्ग इथेही लागू आहे.

चुका मुख्यतः तीन ठिकाणी होतात. वाऱ्याकडे नाक तिरपे ठेवून येणे ठीक, पण टेकताना विमान तिरपे राहिले तर टायरवर आडवा ताण येतो आणि विमान झटक्याने वळते. म्हणून टेकण्याआधी वाऱ्याकडचा पंख एलरॉनने खाली, नाक विरुद्ध रडरने मध्यरेषेला समांतर. आधी वाऱ्याकडचे मुख्य चाक, मग दुसरे, मग नाक. दुसरी चूक नोजव्हील टेकताना : पायपरच्या पीए-२८ मालिकेत ते पेडलांना थेट जोडलेले असते, त्यामुळे रडर दाबलेला असतानाच ते टेकले तर विमान त्या बाजूला झटक्यात वळते. सेसनात हवेत स्ट्रट पूर्ण लांबलेला असताना चाक सरळ राहते, पण भार पडला की तेही पेडलांचेच ऐकते. तिसरी चूक सर्वात जास्त दिसते. चाके टेकली की वैमानिक ‘झाले’ म्हणून एलरॉन सोडून देतो. वेग कमी होतो तसा एलरॉनचा परिणाम घटतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूचा एलरॉन वाढवत नेऊन शेवटी योक त्या बाजूला पूर्ण वळलेला असायला हवा. विमान धावपट्टीवर आहे तोपर्यंत.

याउलट, विमान जमिनीला चिकटून राहावे म्हणून योक पुढे दाबून ठेवणारेही असतात. मग मुख्य चाकांवरचा भार कमी होतो, सगळे वजन नाकावर येते आणि विमान त्या एका चाकाभोवती फिरते. ब्रेकही लागत नाहीत, कारण ब्रेक मुख्य चाकांना असतात.

प्रश्न : शेपटीखाली चाक असलेली जुनी विमाने जमिनीवर गर्रकन फिरतात ती का?

उत्तर : त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. बाजारहाटीची ट्रॉली उलट्या बाजूने ढकलली तर मागचा भाग पुढे यायला पाहतो, तसेच. थोडे वळण आले की वजन ते वाढवते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात तेच वजन वळण सरळ करते. त्यामुळे या विमानांत पाय विमान पूर्ण थांबेपर्यंत चालते ठेवावे लागतात. उसळीचे गणितही बदलते : मुख्य चाके आदळली की शेपूट खाली जाते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान उसळते.

प्रश्न : धावपट्टीच्या अलीकडे, वळणातच विमान कोसळल्याच्या बातम्या येतात. इंजिन चालू असते, तरी?

उत्तर : हा अपघात उतरण्यातच मोजतात आणि जीवितहानीच्या दृष्टीने तो वरच्या सगळ्यांपेक्षा वाईट. उसळीत विमान मोडते, इथे माणसे जातात.

बेस लेगवर, म्हणजे धावपट्टीला काटकोनात येताना, वारा मागून असला की विमान जमिनीवरून अपेक्षेपेक्षा वेगाने सरकते आणि वळण उशिरा सुरू होते. मध्यरेषा ओलांडली जाते. आता वळण आवळायला हवे, पण जमीन ५०० फुटांवर असल्याने वैमानिकाला पंख जास्त कलवायची भीती वाटते. म्हणून तो आतल्या बाजूचा रडर दाबून नाक फिरवतो. रडरमुळे बाहेरचा पंख वेगाने जातो, विमान आणखी कलू लागते. ते रोखायला विरुद्ध एलरॉन. नाक खाली जाऊ लागते. ते रोखायला योक मागे. अशा आडव्यातिडव्या स्थितीत आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटून फिरकीत जाते. फिरकीतून बाहेर यायला लहान विमानालाही हजारएक फूट सहज लागतात. उरलेले असतात पाचशे.

कलण्याची भीती अर्धवट खरी आहे. उंची कायम ठेवून वळताना ३० अंश कलल्यास स्टॉल-वेग ७ टक्के वाढतो, ४५ला १९ टक्के, ६०ला ४१ टक्के. ३० अंशांपर्यंत वाढ नगण्यच आहे. मध्यरेषा ओलांडली गेली तर ३० अंशांत राहून, उपकरणातला चेंडू (विमान बाजूला घसरते का ते दाखवणारा) मध्यावर ठेवून वळावे. तेवढ्यात जमत नसेल तर पंख सरळ करून गो-अराउंड करावा. पुढच्या फेरीत डाउनविंड (बेसच्या आधीचा, धावपट्टीला समांतर उलट दिशेचा टप्पा) धावपट्टीपासून थोडे लांब ठेवावे किंवा वळण लवकर सुरू करावे.

प्रश्न : उतरताना थ्रॉटल कमी केला आणि धावपट्टीआधीच इंजिन बंद पडले. पेट्रोल होते, प्लग ठीक होते, नंतर इंजिन सहज सुरूही झाले. हे कसे?

उत्तर : कार्ब्युरेटरमधले बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब उतरताना तिथली हवा ३० अंश सेल्सियस किंवा त्याहूनही जास्त थंड होऊ शकते. म्हणजे बाहेर २५ अंश आणि भरपूर दमटपणा असतानाही आत गोठणबिंदूखाली तापमान जाते. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते तेव्हा तिच्या कडेला थोडे बर्फही पुरते. अपघातानंतर तपासणारे पोहोचेपर्यंत इंजिनच्या उष्णतेने ते वितळून गेलेले असते. तुम्ही लिहिले आहे की नंतर इंजिन सहज सुरू झाले. हीच त्याची खूण.

कार्ब्युरेटर हीट थ्रॉटल कमी करण्याआधी पूर्ण ओढायची, अर्धवट नको. बर्फ असेल तर आधी आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) पडतात, इंजिन थोडा वेळ खडखडते कारण ते वितळलेले पाणी गिळत असते, मग आरपीएम वाढतात. त्या खडखडीला घाबरून हीट परत आत ढकलणे हीच नेहमीची चूक. लांब उताराला अधूनमधून थ्रॉटल थोडा पुढे करून इंजिन गरम ठेवावे. कॉन्टिनेन्टलचे ओ-२०० इंजिन, म्हणजे सेसना १५०चे, या बाबतीत बदनाम आहे. लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांत कार्ब्युरेटर इंजिनखालच्या तेलाच्या गरम टाकीला (‘संप’) लागून असल्याने त्रास कमी. सेसना १७२ एस मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही.

पेट्रोल होते म्हणता, पण कोणत्या टाकीत, हेही पाहावे. पीए-२८मध्ये दोन्ही टाक्यांतून एकदम पेट्रोल घेण्याची सोय नाही. डावी किंवा उजवी. एक रिकामी आणि दुसरी भरलेली अशा अवस्थेत बंद पडलेली इंजिने कमी नाहीत.

प्रश्न : नेहमीच्या धावपट्टीवर उत्तम उतरणारा वैमानिक नव्या ठिकाणी आखूड का पडतो?

उत्तर : डोळे फसवतात. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टी दूरची वाटते, म्हणून आपण फार उंचावर आहोत असे वाटून वैमानिक खाली येतो. पुढे चढत गेलेली धावपट्टीही हाच भास देते. काचेवर पावसाचे पाणी असेल तरीही तसेच. रुंद किंवा उतरती धावपट्टी याच्या उलट वागते. रात्री आजूबाजूला दिवे नसतील तर फक्त धावपट्टीच्या दिव्यांवरून उंची कळत नाही आणि विमान खालून येते.

पापी दिवे (उतार दाखवणारे, धावपट्टीच्या कडेचे चार दिवे) असतील तर दोन पांढरे, दोन लाल म्हणजे ३ अंशांचा योग्य उतार. चारही लाल दिसले तर लगेच शक्ती वाढवा. दिवे नसतील तर आकड्यांवर विसंबावे. तीन अंशांच्या उताराला दर सागरी मैलामागे साधारण ३०० फूट उंची हवी आणि जमिनीवरचा वेग गुणिले ५ म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचे ते : ६५ नॉटना ३२५. शिवाय काचेत धावपट्टीवरचा जो बिंदू वर किंवा खाली सरकत नाही, विमान तिथेच जाते आहे. तो बिंदू धावपट्टीच्या अलीकडच्या झुडपात असेल तर अंदाज बांधायची गरज नाही.

प्रश्न : चाके आत घेता येणाऱ्या विमानात भोंगा वाजत असताना चाके न काढता उतरणे शक्य तरी आहे का?

उत्तर : शक्य आहे आणि अनुभवी लोकांच्या हातूनही होते. चाके आतच असल्याचा इशारा देणारा भोंगा थ्रॉटल कमी केल्यावर वाजतो, म्हणजे नेमका लक्ष धावपट्टीवर खिळलेले असताना. शिवाय स्टॉलचा भोंगाही त्याच सुमारास वाजणे अपेक्षित असते. बहुतेकदा आधी काहीतरी क्रम मोडलेला असतो : समोर दुसरे विमान, नियंत्रकाची सूचना, अर्धवट सोडलेला गो-अराउंड. डाउनविंड, बेस आणि फायनल (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) अशा तिन्ही ठिकाणी ‘तीन हिरवे’ (तिन्ही चाके बाहेर असल्याचे दिवे) बोटाने दाखवून मोठ्याने म्हणावे.

एक हिरवा लागला नाही तर आधी बल्ब पाहा, चालू असलेला बल्ब काढून तिथे लावा. पायपर ॲरोमध्ये रात्रीसाठी पॅनेलचे दिवे चालू केले की चाकांचे हिरवे दिवे मंद होतात. दिवसा तो स्विच चुकून चालू राहिला तर दिवे बंदच आहेत असे वाटते. चाके खरोखरच अडकली असतील तर पुस्तिकेतील आपत्कालीन पद्धत वापरावी. प्रोपेलर वाचवण्यासाठी फायनलवर इंजिन बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. गो-अराउंडचा मार्ग बंद करून वाचवलेला प्रोपेलर फार महाग पडतो.

प्रश्न : मी विमान-देखभाल शिकतो. प्रोपेलर जमिनीला ‘फक्त चाटून’ गेला आणि पात्याचे टोक दोन सेंटिमीटर वाकले, तर प्रोपेलर बदलून भागेल का?

उत्तर : नाही. पात्याला बसलेला धक्का क्रँकशाफ्टमधून मागच्या गिअरपर्यंत जातो. लायकॉमिंगच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला गिअर एका बोल्टने आणि एका डॉवेल पिनने बसवलेला असतो. पिन कातरली गेली किंवा बोल्ट सैल झाला तर कॅमशाफ्ट, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारा) आणि तेलाचा पंप एकदम थांबतात, तेही कदाचित बऱ्याच तासांनी, हवेत. म्हणूनच अमेरिकेच्या एफएएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) २००४ मध्ये या गिअरच्या तपासणीचा अनिवार्य आदेश काढला. लायकॉमिंगचे सेवापत्रक ५३३ तर इंजिन बंद असताना प्रोपेलरला धक्का बसला आणि किरकोळ घासकामाहून जास्त दुरुस्ती लागली, तरीही तो ‘प्रोपेलर स्ट्राइक’च मानते. क्रँकशाफ्टच्या फ्लँजला डायल इंडिकेटर लावून ‘सरळ आहे’ एवढे पाहणे पुरेसे नाही. इंजिन खोलावे लागते.

प्रोपेलर लागला नाही, पण जोरात आपटले असेल, तरी पुढची ठिकाणे सोडू नयेत : फायरवॉलच्या खालच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्या, इंजिन माउंटच्या नळ्यांचे वेल्ड, सैल रिव्हेटांभोवती दिसणारी काळी पूड, मुख्य पायांच्या जोडणीची कंसे आणि बोल्ट, पंखाच्या मुळाशी पत्र्यावर उठलेल्या घड्या, टाकीतून होणारी गळती, स्ट्रटमधून उतरलेले तेल. गालिचा उचलल्याशिवाय यातले निम्मे दिसत नाही.

प्रश्न : लहान विमानात ब्लॅक बॉक्स नसतो. मग वेग किती होता, शक्ती किती होती, हे तपासणारे सांगतात कसे?

उत्तर : जमीन बरेच सांगते. प्रोपेलरच्या पात्यांनी मातीत किंवा डांबरावर कापलेल्या खुणांमधले अंतर मोजतात. दोन पात्यांचा प्रोपेलर २४०० आरपीएमवर सेकंदाला ८० वेळा जमीन कापतो. खुणांमधले अंतर ४० सेंटिमीटर असेल तर वेग सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे सुमारे ६२ नॉट. वेग दुसरीकडून कळला असेल तर हेच समीकरण उलटे मांडून आरपीएम काढतात. पाती कशी वाकली तेही पाहतात : शक्ती चालू असेल तर टोके पुढे वळतात किंवा पाते पिळवटते, पुढच्या कडेला आडवे ओरखडे उठतात, इंजिन बंद असेल तर एखादे पाते नुसते मागे दुमडलेले आणि दुसरे धड असू शकते.

फ्लॅपची स्थिती लिव्हरवरून ठरवत नाहीत, कारण लिव्हर धक्क्याने किंवा बचावकर्त्यांच्या हाताने हललेला असू शकतो. फ्लॅप फिरवणाऱ्या स्क्रूजॅकचे किती आटे बाहेर आहेत ते मोजतात. जुन्या बल्बची तार धक्क्याच्या वेळी पेटलेली आणि गरम असेल तर ती ताणली जाते. थंड असेल तर तुटते किंवा तशीच राहते. एलईडी आल्यापासून ही खूण हरवत चालली आहे. तिच्या बदल्यात जीपीएस, टॅबलेट आणि इंजिन मॉनिटर यांच्या स्मृतीतून सेकंदासेकंदाची नोंद मिळते, कधी कधी कोणाही साक्षीदारापेक्षा चांगली. टायरचे डाग रुंद आणि कडेला ओरखडलेले असतील तर विमान आडवे सरकत होते. ओल्या धावपट्टीवर टायरखाली पाण्याचा थर राहून चाक तरंगले असावे का, हे पाहायला टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाला ९ने गुणतात : दर चौरस इंचाला ३० पाउंड दाबाला साधारण ४९ नॉट. लहान विमान उतरतेच त्या वेगाला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३नुसार या तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणे एवढाच असतो, दोष ठरवणे नव्हे. फक्त प्रोपेलर, टायर, ब्रेक किंवा पंखांची टोके यांचेच नुकसान झाले आणि कोणी गंभीर जखमी नसेल, तर त्याच परिशिष्टाप्रमाणे तो ‘अपघात’ धरला जात नाही. त्यामुळे आपटून उतरलेल्या विमानांची खरी संख्या अपघातांच्या यादीत दिसत नाही.

प्रश्न : मी फक्त प्रवासी म्हणून बसतो. माझ्या हातात काही आहे का?

उत्तर : थोडे आहे. आसन पुढे-मागे केल्यावर रुळात ते खिटीने अडकले का, हे शरीराने धक्का देऊन पाहा. सेसनाच्या विमानांत आसन सरकून वैमानिकाच्या हातून योक ओढला गेल्याने अपघात झालेले आहेत आणि त्या रुळांच्या तपासणीचा आदेश त्यासाठीच आहे. कमरेचा पट्टा घट्ट, खांद्याचा पट्टाही लावलेला. पाय पेडलांपासून आणि हात योकपासून दूर. फायनलवर बोलू नका, पण धावपट्टीवर दुसरे विमान किंवा जनावर दिसले तर नक्की सांगा. आपटण्याची शक्यता आहे असे वैमानिकाने सांगितले तर चष्मा आणि खिशातल्या टोकदार वस्तू काढा. त्याने सांगितल्यावर दाराची कडी जमिनीवर टेकायच्या आधीच उघडा, कारण सांगाडा वाकला की दार अडकते. विमान थांबल्यावर मास्टर स्विच आणि मॅग्नेटो बंद झाले का ते विचारा आणि पंखाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. प्रोपेलर थांबलेला दिसला तरी पुढून जाऊ नका. मॅग्नेटो चालू राहिला असेल तर नुसत्या हाताच्या धक्क्यानेही इंजिन पेटून प्रोपेलर फिरू शकतो.